दोरीचं बारावं कडं

गल्लीतले सगळे त्यांना वहिनी म्हणत. लग्नानंतर धाकट्या दिराने मारलेली हाक दुकानदारांनी उचलली, दुकानदारांकडून गिऱ्हाइकांनी, आणि पाळणाघर निघाल्यावर दोन-दोन वर्षांच्या पोरांनी. एकदा त्यांच्या सख्ख्या आईने फोन करून सवयीने विचारलं होतं, "वहिनी आहेत का?" "आहेत, बोलतेय," एवढंच सांगून वहिनी मोकळ्या झाल्या होत्या.

पाळणाघर सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या एका लांबट खोलीत होतं. मोरीतला नळ पोरांच्या उंचीवर बसवून घेतलेला, त्यामुळे मोठ्या माणसाला हात धुवायचे तर गुडघे टेकावे लागत. सांभाळायला दोघी. एक वहिनी आणि दुसऱ्या आत्या. आत्या म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची आत्या. तीस वर्षं तिकीट खिडकीवर बसून निवृत्त झालेल्या. "सुट्टे काढा" म्हणायचा तो आवाज आता "तोंड उघडा" म्हणायला कामी येत होता. पोरं निमूट तोंड उघडायची. काही वेळा पालकही उघडायचे.

त्या वर्षी खात्याने पाळणाघरांसाठी तीन परिपत्रकं काढली. पहिल्यात अनुदान वाढणार असं होतं. दुसऱ्यात, पहिलं परिपत्रक दुसऱ्यासोबत वाचावं असं होतं. तिसऱ्यात, पहिलं आणि दुसरं दोन्ही वाचू नयेत असं होतं. ही तिन्ही समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या दिराने, म्हणजे भावोजींनी, वहिनींना वाचून दाखवली होती. प्रत्येक वेळी त्यांनी एक जास्तीची प्रत काढून भिंतीला चिकटवली, आणि प्रत्येक वेळी पोरांनी तिच्यावर मांजर काढलं.

तिसऱ्या परिपत्रकातली गोष्ट मात्र मांजराखालूनही वाचता येत होती. गणनेच्या दिवशी सकाळी ठीक अकरा वाजता खात्याचा माणूस येणार आणि केंद्रचालकाच्या देखरेखीखाली असलेली डोकी मोजणार. डोकी बाराहून कमी भरली, तर केंद्र अनुदानाच्या यादीतून बाद. चौदाहून जास्त भरली, तर गर्दी. खोलीत एका मोठ्या माणसामागे सातच मुलं चालतात, म्हणून कुलूप, आणि तेही त्याच दिवशी. खोलीचं भाडं आणि आत्यांचा पगार अनुदानातून निघायचा. यादीतून नाव गेलं, तर पाळणाघर दोन महिनेसुद्धा तगणार नव्हतं, आणि तिथे पोर सोडून कामावर जाणाऱ्या घरांचं घोडं त्याच दिवशी अडणार होतं.

वहिनींकडे बरोबर बारा पोरं होती.

गणनेच्या दिवशी दहाला फोन वाजला. भोपळ्याचे वडील होते. भोपळा म्हणजे अडीच वर्षांचा, अंगाने गोल, स्वभावाने त्याहून गोल.

"वहिनी, रात्रीपासून तापलाय हो. आज नाही पाठवत."

"किती आहे?"

"एकशे दोन. पण तुमचं आज ते मोजायचं आहे ना? घेऊन येऊ का? मोजून झालं की लगेच नेतो."

वहिनींनी खोलीकडे पाहिलं. मुंगी नावाची मुलगी दुसऱ्याच्या नाकात बोट घालून काहीतरी शोधत होती. भोपळ्याचा ताप इथे आला, तर अकरा नाकांतून फिरून तो अकरा घरी पोचणार होता.

"नको. झोपू द्या त्याला," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्यांनी पोरं मोजली. अकरा. परत मोजली. हा धंद्याचा आजार होता. पाळणाघर चालवणारी बाई दिवसातून शंभर वेळा पोरं मोजते. झोपेत उशासुद्धा मोजते. दुसऱ्यांदाही अकराच भरली.

भावोजी तेवढ्यात चहाचा कप परत करायला आले होते. चेहरा नेहमीसारखा कोराच.

"एक मूल उसनं घ्या," ते म्हणाले.

"भावोजी, ते मूल आहे. साखरेची वाटी नाही."

"परिपत्रकात डोकी लिहिलंय. कोणाची ते लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलंय, वहिनी. माझं दुसरं काय काम असतं?"

"लाज वाटू दे जरा," आत्या आतून ओरडल्या. "उद्या म्हणशील, कलिंगड टोपी घालून बसवा."

"कलिंगडाला देखरेख लागत नाही, आत्या. तिथे अडतं."

नियमात बसत होतं, वहिनींच्या मनात बसत नव्हतं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "एकच. ऐकलं का? फक्त एक."

भावोजींनी लगेच पाळणाघराच्या जुन्या पालकांच्या ग्रुपवर संदेश टाकला, 'वहिनींना अडचण आहे. तासाभरासाठी एक मूल हवं आहे. मोफत सांभाळू.'

चूक शेवटच्या दोन शब्दांत होती. ग्रुपवर त्रेचाळीस घरं होती, आणि लहान मूल असलेल्या घरात मोफत तासाभराएवढी मौल्यवान वस्तू दुसरी नसते. ज्यांनी संदेश वाचला, त्या प्रत्येकाला वाटलं की आपणच पहिले. उत्तर द्यायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही. सगळे थेट पोर उचलून निघाले.

साडेदहाला शिंपीणबाई त्यांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी तीन वर्षांची, शांत, अंगठा तोंडात. वहिनींना हायसं वाटलं. बारा.

दहा पस्तीसला जुळे आले. त्यांच्या बापाने उंबऱ्यावरूनच त्यांना आत सोडलं. "वहिनी, तुमच्यासाठी काय पण!" असं म्हणून तो जवळजवळ पळतच गेला. चौदा.

"बास," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, सांगा ग्रुपवर, बास!"

भावोजी फोनवर 'बास' लिहीपर्यंत आणखी एक आलं. त्याच्या मागून त्याचा मामेभाऊ. मग एका बाईने कडेवरचं पोर आत्यांच्या कडेवर दिलं आणि "केस कापून आलेच" म्हणत नाहीशी झाली. शेवटी आठ वर्षांचा एक घोडा येऊन उभा राहिला. पाच वर्षांपूर्वी तो इथेच होता. आईने पाठवलं म्हणाला, आणि बसायला जागा शोधू लागला.

वहिनींनी मोजलं. अठरा.

पायाखालची जमीन सरकली म्हणजे नेमकं काय होतं ते त्यांना तेव्हा कळलं. एकाच्या कमीने त्या दोन महिन्यांत बंद पडल्या असत्या. आता चारच्या जास्तीने आजच पडणार होत्या.

"परत पाठवा," आत्या म्हणाल्या.

"कोणाकडे? सगळे पळाले. रस्त्यावर सोडू?"

"मी चौघांना दुकानात नेतो," भावोजी म्हणाले.

"आणि ठेवाल कुठे?"

भावोजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "मशीनवर."

"तुमच्या हातात मी मांजरसुद्धा देणार नाही. लावा फोन सगळ्यांना."

फोन लावले. एकाचा बंद. एकाचा लागला, पण पलीकडे पाण्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी आठवड्याभराने निवांत आंघोळ करत गात होतं. केस कापायला गेलेल्या बाईने उचलला आणि सांगितलं, अर्धं डोकं झालंय.

दहा बावन्नला दारात खात्याचा माणूस उभा होता.

उंच, वाळका, पन्नाशीचा. हातात फाईल आणि अंगठ्याने दाबायचं मोजणी यंत्र, एकदा दाबलं की आकडा एकाने पुढे सरकणारं. त्याने बूट काढून ओळीत ठेवले, आत आला आणि भिंतीवरच्या परिपत्रकापुढे थांबला. बराच वेळ मांजर पाहत राहिला.

"हे कोणी काढलं?"

"मुलांनी, साहेब," वहिनी म्हणाल्या.

"क्रमांक दिसत नाही परिपत्रकाचा. क्रमांक दिसायला हवा, असं परिपत्रकात आहे." त्याने घड्याळ पाहिलं. "अकराला मोजेन. आधी मोजून चालत नाही, नंतर मोजून चालत नाही."

तो लहान खुर्चीवर बसला. गुडघे कानाला लागले. पोरं त्याच्याभोवती फिरत होती, मोरीत जात होती, टेबलाखालून निघत होती. अठरा पोरं हलत असतील तर ती तीस वाटतात. वहिनींना वाटलं, आहेत त्याहून कमी दिसायची काही युक्ती असती तर! त्यांनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी कडेवरच्या पोरावर पदर ओढला होता. पदराखालून दोन पाय लोंबत होते.

"पंचावन्न झाले," साहेब म्हणाले. "मुलं एका जागी उभी करा. अशी मोजता येणार नाहीत. मागच्या केंद्रात एकच मुलगा मी चारदा मोजला. जाऊन टोपी बदलून यायचा."

वहिनींचा हात आपोआप खुंटीकडे गेला. खुंटीला दोरी होती.

ती पाळणाघराची बाहेर जायची दोरी. तिला हातभर अंतरावर बारा रंगीत कडी. बागेत जायचं म्हटलं की वहिनी "दोरी!" म्हणत, आणि प्रत्येक पोर धावत येऊन आपापलं कडं धरी. पिवळं मुंगीचं, हिरवं वकिलाचं. वकील हा साडेतीन वर्षांचा होता आणि कुठल्याही गोष्टीला "पण का?" म्हणायचा. नियम एकच होता, आणि तो वहिनींनी सहा महिने रोज घोकून घेतला होता. चालताना एखादं कडं रिकामं दिसलं, की सगळ्यांनी "थांबा!" ओरडायचं. कारण रिकामं कडं म्हणजे कोणीतरी मागे राहिलंय. गेल्या वर्षी चौकात मुंगी मुंग्या बघत मागे बसली होती. दहा पावलांत सगळी पोरं "थांबा!" म्हणून किंचाळली, आणि वळणावरून आलेल्या ट्रकने जागेवर ब्रेक मारला. ट्रकवाल्याला वाटलं, त्यालाच ओरडले.

"दोरी!" वहिनी म्हणाल्या.

अकरा पोरं धावत आली. अकरा कडी धरली गेली. उसनी सात पोरं होती तिथेच उभी राहिली, कारण दोरी म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आठ वर्षांच्या घोड्याच्या वेळी दोरी नव्हती.

साहेबांनी दोरीकडे पाहिलं, मग दोरीबाहेरच्या पोरांकडे. "ही?"

"पाहुणे," खिडकीबाहेरून भावोजी म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"मीही पाहुणाच."

साहेब उठले. कंटाळा त्यांच्या चेहऱ्यावर कायमचा होता, पण डोळे जागे होते. ते वहिनींजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, अठरा डोकी आहेत. अठरा लिहिलं तर मला कुलूप लावावं लागतं, आणि ते मी आणलेलं आहे. मी एवढंच विचारतो. दोरीवर आहेत ती तुमच्या देखरेखीतली, बरोबर? अकराच्या ठोक्याला दोरीवर असतील तेवढी मी लिहितो. बाकीची मी उंबऱ्याबाहेर नेऊन उभी करतो. चालेल?"

अकराला तीन मिनिटं होती.

एवढं सोपं होतं. बारावं कडं, निळं, दोरीवर लोंबत होतं. ते शिंपीणबाईंच्या मुलीच्या हातात दिलं की झालं. साहेबांनी तर दारच उघडून दिलं होतं. खिडकीतून भावोजी दोन्ही हातांनी निळ्या कड्याकडे खुणा करत होते, जणू विमान उतरवतायत.

वहिनींनी मुलीचा हात धरला. मुलीने अंगठा तोंडातून काढला आणि ओला हात निळ्या कड्याला लावला.

"थांबा!" वकील ओरडला.

"थांबा! थांबा!" अकराच्या अकरा ओरडू लागली.

"अरे, धरलंय ना तिने," वहिनी म्हणाल्या. "रिकामं नाहीये. बघा, धरलंय."

"ते भोपळ्याचं आहे," वकील म्हणाला. "भोपळा कुठे आहे?"

"घरी आहे."

"मग ही का धरते?"

"आजच्या दिवस."

"पण मग भोपळा हरवला तर आपल्याला कसं कळणार?"

मुंगीने तर कडं सोडून जमिनीवर बसकण मारली होती आणि रडत "थांबा" म्हणत होती. शिंपीणबाईंची मुलगी हे सगळं पाहून कड्याला अजूनच घट्ट धरून बसली. दोन मिनिटं.

वहिनींच्या डोळ्यांपुढे भाड्याची खोली होती, आत्यांचा पगार होता, आणि का कोण जाणे, चौकातलं ते वळण होतं. आज त्यांनी या पोरांना गप्प बसवलं, तर पोरं गप्प बसतील. त्यांचं ऐकायची पोरांना सवय होती. आणि मग एखाद्या दिवशी कडं रिकामं पडलं, आणि शेजारच्याने सहज ते धरलं, तर उरलेली अकरा शांतपणे चालत राहतील.

त्यांनी गुडघे टेकले आणि मुलीची बोटं एकेक करून कड्यावरून सोडवली. कडं लोंबकळलं, तशी मुंगी उठली आणि तिने आपलं पिवळं कडं परत धरलं.

"वकील म्हणतो ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे भोपळ्याचं आहे. ते रिकामंच राहणार." मग वर पाहून म्हणाल्या, "साहेब, दोरीवर अकरा आहेत."

खिडकीत भावोजींचे हात विमान कोसळल्यासारखे खाली आले.

"अकरा," साहेब म्हणाले. त्यांनी फाईल उघडली, परत मिटली. "बाकीची सात द्या. बाहेर घेतो."

साहेबांनी जुळ्यांना दोन हातांना धरलं. आत्यांनी पदराखालचं पोर काढून त्यांच्या खांद्यावर ठेवलं. घोडा, मामेभाऊ आणि तो ज्याचा मामेभाऊ होता तो, असे तिघे मागून गेले. शेवटी अंगठा चोखत शिंपीणबाईंची मुलगी. सगळी वरात उंबरा ओलांडून पायरीवर उतरली, आणि साहेब घड्याळाकडे बघत उभे राहिले. एक मिनिट.

आत्या दारात जाऊन त्यांच्याकडे पाहत होत्या. तिकीट खिडकीवर बसलेली बाई माणसं बघत नाही, प्रवासी मोजते.

"साहेब," त्या म्हणाल्या, "किती आहेत तुमच्याकडे?"

"सात."

"उघड्यावर आहात तुम्ही."

"हो. मग?"

"उघड्यावर एका मोठ्या माणसामागे सहा. आम्ही दोघी बागेत नेतो ते बारा का नेतो? पान चार, सगळ्यात खाली. मांजराच्या शेपटीपाशी."

साहेबांनी फाईल गुडघ्यावर टेकवून पान चार काढलं. खांद्यावरच्या पोराने त्यांचा चष्मा काढून घेतला, म्हणून त्यांनी कागद लांब धरून वाचला. वाचताना त्यांच्या कपाळावर घाम आलेला वहिनींना दारातून दिसला. एकवीस वर्षांच्या नोकरीत या माणसाच्या हातून नियम मोडला नव्हता. हे त्याने सांगायची गरज नव्हती, ते त्याच्या बुटांच्या ओळीवरूनच कळत होतं.

"खरं आहे," ते म्हणाले. "सहाच."

"मी धरतो ना एक," भावोजी पुढे आले. "मी मोठा माणूस—"

आत्यांनी त्यांच्या पायावर पाय ठेवला, तोही टाच रोवून.

"तुम्ही नोंदणीकृत आहात?" साहेबांनी विचारलं.

"नाही," भावोजी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. "मी तर नीट मोठासुद्धा झालेलो नाही."

अर्धं मिनिट. साहेबांनी सातही पोरांकडे पाहिलं, जणू एखादं स्वतःहून कमी होईल. कोणी झालं नाही. मग ते वाकले, शिंपीणबाईंच्या मुलीला हाताला धरून उंबऱ्यापाशी आणलं आणि वहिनींपुढे उभं केलं.

"बाई, हे मूल नोंदणीकृत देखरेखीखाली ठेवणं मला भाग आहे. माझ्याकडे जागा नाही. तुमच्याकडे आहे?"

"चौदापर्यंत आहे."

"घेता?"

"ही माझी नाही, साहेब. आजच आलीय. तासाभरासाठी. तिची नोंद नाही माझ्याकडे, आणि ती दोरीला हात लावणार नाही."

"परिपत्रकात नोंद नाही आणि दोरीही नाही. देखरेख आहे. घेता की नाही ते सांगा, दहा सेकंद आहेत."

"घेते."

मुलगी आत आली आणि वहिनींचं बोट धरून उभी राहिली. निळं कडं लोंबत होतं. वकील ते डोळ्यांत तेल घालून पाहत होता.

साहेबांनी उंबऱ्याबाहेरून मोजायला सुरुवात केली. खटक, खटक. दोरीवरून अकरा, मग वहिनींच्या बोटापाशी थांबून एक. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून पाहिलं, आणि फॉर्मवर लिहिलं. अक्षरातही आणि अंकातही. वहिनींनी सही केली.

"पुढची गणना तीन महिन्यांनी," साहेब म्हणाले. "तोपर्यंत नवीन परिपत्रक येईल. आकडा बदलू शकतो."

"कितीवर?"

"ते आल्यावर कळेल. ते रद्द झाल्यावर नक्की कळेल."

त्यांनी फाईल मिटली आणि निघायला वळले, तर पायाला काहीतरी अडलं. ते जुळ्यांपैकी एक होतं. दुसरं त्यांच्या बुटात वाळू भरत होतं. खांद्यावरचं पोर चष्म्यासकट झोपलं होतं.

साहेबांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. "यांचे आईवडील कधी येतील?"

"तासाभरात म्हणून गेलेत," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे बाराला?"

आत्यांनी पायरीवर पाण्याचा पेला आणि सहा केळी आणून ठेवली, जरा विचार करून सातवंही ठेवलं.

"साहेब, मोफत तास आहे तो," त्या म्हणाल्या. "बसा खाली."